सर्वोच्च न्यायालय कोणाचे अपील ऐकते?

‘वेळ पडली तर सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन,’ हे वाक्य मराठी माणसाच्या कोर्टकचेरीच्या बोलण्यात सहज येते. जिल्हा न्यायालयात हरलेला शेतकरी, बडतर्फ झालेला कर्मचारी, बिल्डरशी भांडणारी गृहनिर्माण संस्था अशा अनेकांना त्या वाक्याचा आधार वाटतो. दिल्लीतील ते न्यायालय म्हणजे न्यायाच्या जिन्याची शेवटची पायरी आहे आणि खालच्या पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येकाला तेथे आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, अशी त्यामागची समजूत असते.

राज्यघटनेने असा सरसकट हक्क कोणालाही दिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेल्या बहुतेक प्रकरणांत आधी एकच प्रश्न विचारला जातो : हे प्रकरण ऐकावे काय? खालचा निकाल बरोबर की चूक, हा त्यानंतरचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर नकारार्थी आले, तर दुसरा विचारलाच जात नाही. आणि हा नकार बहुधा काही मिनिटांच्या सुनावणीनंतर, एका ओळीच्या आदेशाने, कारणे न देता दिला जातो. वर्षानुवर्षे चाललेल्या कज्जाचा शेवट असा होतो, तेव्हा पक्षकाराला आपण हरलो एवढेच कळते. का हरलो, हे कळत नाही. हा नकार कशाच्या आधारे दिला जातो आणि त्याचा कायदेशीर अर्थ काय, हे समजून घेण्याची गरज म्हणूनच वकिलांइतकीच सामान्य नागरिकालाही आहे.

हक्क कोठे संपतो?

समजा, सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबात शेतजमिनीच्या वाटणीवरून वाद झाला आणि तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लागला. तेथील निकाल मान्य नसेल, तर जिल्हा न्यायालयात पहिले अपील करता येते. हे अपील हक्काचे आहे. सातबारा, फेरफार, साक्षीदारांच्या जबान्या या साऱ्यांचा जिल्हा न्यायाधीश नव्याने विचार करू शकतात आणि तथ्यांबाबतही वेगळा निष्कर्ष काढू शकतात.

त्यानंतरचे दुसरे अपील उच्च न्यायालयात जाते. साताऱ्याच्या पक्षकाराच्या बाबतीत ऑगस्ट २०२५ पासून ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जाते. परंतु येथे दार अरुंद होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १००मध्ये १९७६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून प्रकरणात कायद्याचा सारभूत प्रश्न असेल तरच दुसरे अपील दाखल करून घेता येते आणि तो प्रश्न कोणता, हे न्यायालयाने शब्दांत मांडावे लागते. साक्षीदार खरे बोलला की खोटे, हा वाद येथे सहसा उकरता येत नाही. पैशाच्या वसुलीचा दावा २५ हजार रुपयांपर्यंतचा असेल, तर दुसरे अपील मुळातच चालत नाही.

‘सारभूत’ प्रश्न कोणता, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मुंबईच्या एका गिरणी कंपनीच्या प्रकरणात सांगितली. तो प्रश्न सर्वसाधारण महत्त्वाचा असावा किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट आणि मोठा परिणाम करणारा असावा. शिवाय तो अद्याप मोकळा असावा, अथवा त्याबाबत दोन मते संभवत असावीत. वरच्या न्यायालयांनी आधीच निकालात काढलेला आणि केवळ या प्रकरणाला लागू करायचा असलेला प्रश्न कितीही जिव्हाळ्याचा असला, तरी सारभूत ठरत नाही.

येथवर निदान कायद्यात लिहिलेली कसोटी आहे. उच्च न्यायालयातही हरलेल्या पक्षकारापुढे त्यानंतर उरतो तो राज्यघटनेचा अनुच्छेद १३६. तेथे लिखित कसोटी नाही.

प्रिव्ही कौन्सिलचा वारसा

‘विशेष अनुमती’ ही कल्पना राज्यघटनेने नव्याने शोधलेली नाही. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील उच्च न्यायालयांवरील अपिले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे जात. उच्च न्यायालयाने दाखला दिला नाही, तर प्रिव्ही कौन्सिलकडे विशेष अनुमती मागावी लागे. फौजदारी प्रकरणात ती मिळणे फार कठीण होते. गंभीर आणि ठळक अन्याय झाल्याचे दिसल्याखेरीज आम्ही हात घालणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलचे धोरण होते.

महाराष्ट्राला या धोरणाचा अनुभव १८९७ साली आला. ‘केसरी’तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. ज्युरीतील सहा जणांनी त्यांना दोषी ठरवले, तर तिघांनी निर्दोष. न्या. स्ट्रेची यांनी दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. प्रिव्ही कौन्सिलकडे अपील नेण्याचा दाखला उच्च न्यायालयाने नाकारला. त्यानंतर लंडनमध्ये विशेष अनुमतीसाठी अर्ज झाला. टिळकांची बाजू मांडायला उभे राहिलेले वकील होते एच. एच. ॲस्क्विथ, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. अर्ज फेटाळला गेला आणि अपील म्हणून हा खटला कधीच ऐकला गेला नाही.

तरीही त्या नकाराचे पडसाद ५० वर्षे उमटत राहिले. राजद्रोहाच्या कलमातील ‘अप्रीती’ या शब्दाचा न्या. स्ट्रेची यांनी ज्युरीपुढे केलेला व्यापक अर्थ पुढच्या खटल्यांत वापरला जाऊ लागला. फेडरल कोर्टाने १९४२ साली या कलमाचा अर्थ सौम्य करण्याचा प्रयत्न केला. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ साली तो अमान्य करून टिळक खटल्यातील जुना अर्थच ग्राह्य धरला. अपील न ऐकण्याचा निर्णयही कायद्यावर किती दूरवर परिणाम करू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रिव्ही कौन्सिलचा भारतावरील अधिकार १९४९ साली संपला. विशेष अनुमतीचा अधिकार मात्र नव्या राज्यघटनेत अधिक व्यापक रूपात आला.

अनुच्छेद १३६ : मोठे दार, अदृश्य उंबरठा

काही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयाला ऐकावीच लागतात. केंद्र व राज्ये किंवा दोन राज्ये यांच्यातील कायदेशीर वाद थेट तेथेच जातो. कर्नाटकबरोबरच्या सीमावादावर महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा याच प्रकारचा. खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने अपिलात फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षांहून कमी नसलेली कैद सुनावली, तर त्याला हक्काने अपील करता येते. निवडणूक याचिकेवरील उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धही कायद्यानेच अपिलाची सोय आहे. प्रकरणात सर्वसाधारण महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न आहे, असे प्रमाणपत्र खुद्द उच्च न्यायालयाने दिले, तरी मार्ग मोकळा होतो. पण अशी प्रमाणपत्रे विरळा.

उरलेली सारी गर्दी अनुच्छेद १३६च्या दाराशी असते. भारतातील कोणतेही न्यायालय वा न्यायाधिकरण यांचा कोणताही निकाल, हुकूमनामा, शिक्षा किंवा आदेश याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय आपल्या विवेकानुसार अपिलाची विशेष अनुमती देऊ शकते, असे हा अनुच्छेद सांगतो. सैन्यदलांच्या कायद्याखालील न्यायालये व न्यायाधिकरणे तेवढी त्यातून वगळली आहेत. अंतिम निकालच हवा असे नाही. अंतरिम आदेशही चालतो. ‘विवेकानुसार’ हा त्यातील कळीचा शब्द. अनुमती मागण्याची मुभा सर्वांना आहे, ती मिळण्याचा हक्क कोणालाच नाही.

हा विवेक कसा वापरावा, याचे पहिले महत्त्वाचे उत्तर न्यायालयाने आपल्या पहिल्याच वर्षात दिले. प्रीतम सिंग प्रकरणात (१९५०) न्यायालयाने म्हटले की, हा अधिकार जपून आणि अपवादात्मक परिस्थितीतच वापरायचा आहे. गंभीर अन्याय झाला असेल आणि प्रकरणात पुनर्विचाराला भाग पाडण्याइतके काही असेल, तरच अनुमती द्यावी. चारच वर्षांनी, १९५४ साली ढाकेश्वरी कॉटन मिल्सच्या प्रकरणात न्यायालयाने असेही सांगितले की, या अधिकाराच्या मर्यादा काटेकोर शब्दांत बांधणे शक्य नाही. या दोन विधानांमधील ताण आजतागायत सुटलेला नाही.

व्यवहारात वकीलवर्गाला काही ठोकताळे ठाऊक असतात. एकाच कायद्याचा अर्थ दोन उच्च न्यायालयांनी परस्परविरोधी लावला असेल, घटनात्मक प्रश्न गुंतला असेल, खालच्या निकालाचा परिणाम हजारो लोकांवर होणार असेल, सर्वोच्च न्यायालयाचाच जुना निर्णय डावलला गेला असेल किंवा सुनावणीची संधीच नाकारली गेली असेल, तर अनुमतीची शक्यता वाढते. तिन्ही न्यायालयांनी पुराव्याबाबत एकच निष्कर्ष काढला असेल, तर ती फार कमी होते. हे ठोकताळेच; नियम नव्हेत.

सोमवार आणि शुक्रवार

उच्च न्यायालयाच्या निकालापासून सर्वसाधारणपणे ९० दिवसांच्या आत विशेष अनुमती याचिका दाखल करावी लागते. उशीर झाला, तर विलंब माफीचा अर्ज जोडून त्याची कारणे द्यावी लागतात. याचिका कोणत्याही वकिलाला दाखल करता येत नाही. त्यासाठी ‘ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ ही सर्वोच्च न्यायालयाची परीक्षा उत्तीर्ण झालेला वकील लागतो. याचिकेला प्रथम डायरी क्रमांक मिळतो. निबंधक कार्यालय कागद तपासून त्रुटी काढते. त्या दुरुस्त झाल्यावरच याचिकेची नोंद होते आणि ती खंडपीठापुढे लागते. याचिकेत घटनाक्रम, कायद्याचे प्रश्न व आधार मांडलेले असतात. खालच्या न्यायालयांत न मांडलेली तथ्ये येथे सहसा नव्याने आणता येत नाहीत.

अशी ताजी प्रकरणे ऐकण्यासाठी परंपरेने सोमवार आणि शुक्रवार राखलेले आहेत. बहुधा दोन न्यायाधीशांचे खंडपीठ बसते. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांतील जामिनाच्या याचिका २०१९च्या नियमबदलानंतर एकच न्यायाधीशही ऐकू शकतो. एका खंडपीठापुढे एका दिवशी ५०-६० प्रकरणे असणे नवलाचे नाही. न्यायाधीशांनी कागद आदल्या दिवशी वाचलेले असतात. त्यामुळे वकिलाला मिळणारी मिनिटे वाचनातून झालेले मत बदलण्यापुरतीच असतात. प्रतिपक्षाने आधी कॅव्हेट दाखल केले असेल, तर त्याचा वकीलही उभा असतो. नसेल, तर पहिल्या दिवशी एकच बाजू ऐकली जाते.

त्या काही मिनिटांतून तीन गोष्टी संभवतात. याचिका फेटाळली जाते, प्रतिपक्षाला नोटीस निघते किंवा अनुमती मिळते. नोटीस निघाली म्हणजे अपील दाखल झाले, असा पक्षकारांचा समज असतो. तो चुकीचा आहे. नोटिशीनंतर दोन्ही बाजू ऐकूनही न्यायालय अनुमती नाकारू शकते. अनुमती मिळाली, तर मात्र विशेष अनुमती याचिकेचे दिवाणी किंवा फौजदारी अपिलात रूपांतर होते आणि प्रकरणाचे स्वरूपच पालटते. स्थगिती हा आणखी वेगळा प्रश्न. नोटीस निघूनही स्थगिती मिळाली नाही, तर खालचा निकाल अमलात येऊ शकतो.

नकाराचा अर्थ

वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवर याचिका फेटाळल्याचे वृत्त पुष्कळदा ‘सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब’ अशा मथळ्याखाली येते. कायद्याच्या दृष्टीने हा मथळा बहुतेक वेळा चूक असतो.

कुन्हायमद विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा सविस्तर उलगडला आणि २०१९ साली पुन्हा दुजोरा दिला. अनुमती नाकारण्याचा आदेश कारणाविना असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की, हे प्रकरण ऐकावे असे न्यायालयाला वाटले नाही. उच्च न्यायालयाचा निकाल बरोबर आहे, असे त्यातून निघत नाही. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीन होत नाही. पक्षकार उच्च न्यायालयात फेरविचार मागू शकतो आणि तोच कायद्याचा प्रश्न दुसऱ्या प्रकरणात दुसरा कोणी पुन्हा उपस्थित करू शकतो. याउलट, एकदा अनुमती मिळून अपील सुरू झाले आणि ते फेटाळले गेले, तर खालचा निकाल विलीन होतो आणि शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा ठरतो. याचिका फेटाळताना कारणे दिली असतील, तर त्या कारणांत सांगितलेला कायदा देशभर बंधनकारक होतो.

तेव्हा ‘अनुमती नाकारली’ आणि ‘अपील फेटाळले’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हरलेल्या पक्षकाराच्या खिशावर दोहोंचा परिणाम सारखाच होतो, हे खरे. पण तशाच परिस्थितीत सापडलेल्या दुसऱ्या हजारो लोकांसाठी पहिल्यात वाट उरते, दुसऱ्यात ती बंद होते.

आणि कधी कधी कारणांविना दिलेल्या नकाराने प्राणावरही बेतते. महाराष्ट्रातील एका खून खटल्यात फाशी झालेल्या कैद्याची विशेष अनुमती याचिका अशीच प्राथमिक सुनावणीत फेटाळली गेली होती. फेरविचाराच्या वेळी, २०१८ साली, तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने तो आदेश मागे घेतला आणि याचिका पुन्हा सुनावणीला घेतली. फाशीच्या प्रकरणात, निदान शिक्षेच्या मुद्द्यापुरती तरी कारणे दिल्याशिवाय याचिका फेटाळू नये, असे खंडपीठाने सांगितले. अन्य प्रकरणांत कारणे देण्याचे असे बंधन न्यायालयाने स्वतःवर घातलेले नाही.

नकारानंतरच्या वाटाही अरुंद आहेत. फेरविचार याचिका ३० दिवसांत करावी लागते आणि ती सहसा न्यायाधीशांच्या दालनात, वकिलांच्या युक्तिवादाविना निकाली निघते. फाशीच्या प्रकरणांत खुल्या न्यायालयात सुनावणी व्हावी, असे २०१४ साली ठरले. त्यापुढची क्युरेटिव्ह याचिका हे २००२ सालच्या निकालाने निर्माण केलेले अगदी अखेरचे साधन आहे. त्यातून दाद मिळाल्याची उदाहरणे मोजकीच.

निकष लिहून काढावेत काय?

असा अमर्याद विवेक कोणत्याही लिखित कसोटीविना दोन न्यायाधीशांच्या हाती असावा काय, हा प्रश्न न्यायालयातूनच उठला. न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. आर. एम. लोढा यांच्या खंडपीठाने २०१० साली तो घटनापीठाकडे सोपवला. कोणत्याही क्षुल्लक आदेशाविरुद्ध याचिका येत आहेत आणि मुळात घटनात्मक कामासाठी असलेले न्यायालय नेहमीचे अपील न्यायालय बनले आहे, अशी त्यामागची चिंता होती. घटनापीठाने जानेवारी २०१६मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून देण्यास नकार दिला. राज्यघटनेने मुक्त ठेवलेला अधिकार न्यायालयाने स्वतःच आकुंचित करू नये, असे त्यामागचे सूत्र होते.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कसोटी लिहिली, तर तीत न बसणारा पण खरोखर अन्याय झालेला माणूस बाहेर राहील. कसोटी नसली, तर एका न्यायदालनात नोटीस निघते आणि शेजारच्या दालनात तशाच प्रकरणाची याचिका फेटाळली जाते. न्यायाधीशांच्या अनेक जोड्या वेगवेगळ्या दालनांत एकाच वेळी बसत असल्याने हा फरक पूर्णपणे टळणे शक्यही नाही.

इतर देशांनी निराळी वाट धरली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९२५च्या कायद्याने आपली बहुतेक प्रकरणे निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि १९८८ साली उरलीसुरली सक्तीची अपिलेही जवळजवळ संपली. तेथे सर्व नऊ न्यायाधीश एकत्र बसतात आणि नवांपैकी चौघांनी होकार दिला, तर प्रकरण ऐकले जाते. दरवर्षी येणाऱ्या काही हजार अर्जांतून अलीकडे ६०-७०च्या आसपास प्रकरणांचीच पूर्ण सुनावणी होते. निवडीसाठी तोंडी युक्तिवाद होत नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली सुरू झालेल्या सर्वोच्च न्यायालयात १२ न्यायाधीश आहेत. त्यांपैकी तिघांचे मंडळ परवानगीचा अर्ज बहुधा कागदांवरूनच निकालात काढते. सार्वजनिक महत्त्वाचा, वाद घालण्याजोगा कायद्याचा प्रश्न आहे काय, ही तेथील जाहीर कसोटी. आपला निकाल चुकीचा होता, एवढे सांगून तेथे भागत नाही.

भारतात मात्र १९५० साली सरन्यायाधीशांसह आठ न्यायाधीशांची असलेली मंजूर संख्या २०१९ साली ३४ झाली. प्रलंबित प्रकरणे तरीही वाढतच गेली आणि २०२४ साली त्यांनी ८० हजारांचा टप्पा ओलांडला होता. जितकी प्रकरणे ऐकायला घ्यावीत, तितका प्रत्येकाला मिळणारा वेळ घटतो. घटनापीठासाठी पाच न्यायाधीश एकत्र बसवायचे, तर रोजचे काम थांबते.

दारापर्यंत कोण पोहोचतो?

निवडीचा विचार करताना एक गोष्ट विसरता येत नाही. न्यायालय आपल्यापुढे आलेल्यांमधूनच निवड करते. आलेच नाहीत, त्यांचे काय? दिल्लीजवळच्या उच्च न्यायालयांच्या निकालांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे प्रमाण दूरच्या राज्यांपेक्षा बरेच जास्त असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गडचिरोलीच्या पक्षकाराला दिल्लीत वकील शोधणे आणि त्याचा खर्च पेलणे किती अवघड आहे, हे सांगायला नको. ई-फायलिंग आणि २०२० पासून रुळलेली दूरदृश्य सुनावणी यांनी हे अंतर काहीसे घटवले आहे. वकिलाच्या शुल्कात मात्र त्यामुळे कपात झालेली नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. ही सोय आहे, हेच अनेकांना ठाऊक नसते.

दुसऱ्या टोकाला सरकार आहे. मुदत उलटून शेकडो दिवस झाल्यावर सरकारी खात्यांच्या याचिका येतात. मध्य प्रदेश सरकारच्या एका याचिकेत २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांना ‘प्रमाणपत्र प्रकरणे’ असे म्हटले. याचिका फेटाळली जाणार हे ठाऊक असूनही ती केली जाते, कारण ‘सर्वोच्च न्यायालयानेच फेटाळली’ असा कागद फायलीत लागला की कोणा अधिकाऱ्यावर ठपका येत नाही. न्यायालयाने त्या वेळी २५ हजार रुपयांचा दंड ठोठावला. प्रश्न दंडाच्या रकमेपुरता नाही. अशी प्रत्येक याचिका ज्या मिनिटांत ऐकली जाते, ती मिनिटे रांगेतील दुसऱ्या कोणाची तरी असतात.

श्रीमंत आणि गरीब यांच्यातील फरकाचा मुद्दा १९८६ साली थेट न्यायालयापुढे आला. दोन उद्योगपतींच्या जामिनासाठी न्यायालय रात्री उशिरा बसले होते. छोट्या माणसाच्या जामिनालाही तीच तत्परता मिळावी, अशी मागणी बिहारमधील एका संस्थेने केली. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने गरिबांचा विचार अधिक आस्थेने व्हावा, हे मान्य केले. सर्वोच्च न्यायालय हे नेहमीचे अपील न्यायालय असावे असा हेतू कधीच नव्हता, असेही त्याने नमूद केले आणि सर्वसाधारण अपिलांसाठी राष्ट्रीय अपील न्यायालय स्थापण्याची सूचना केली.

अनुमती मिळाल्यावरही प्रकरण केव्हा आणि कोणापुढे लागणार, हा प्रश्न उरतो. खंडपीठे ठरवण्याचा व कामाचे वाटप करण्याचा अधिकार सरन्यायाधीशांचा आहे. जानेवारी २०१८मध्ये चार ज्येष्ठ न्यायाधीशांनी पत्रकार परिषद घेऊन या वाटपाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. त्याच वर्षी न्यायालयाने सरन्यायाधीशांचा हा अधिकार निकालांद्वारे पुन्हा अधोरेखित केला. वर्षानुवर्षे सुनावणीला न लागलेले अपील आणि फेटाळलेले अपील यांत पक्षकाराच्या लेखी फारसा फरक राहत नाही.

पुढे काय?

विधी आयोगाने २००९ साली आपल्या २२९व्या अहवालात एक आराखडा सुचवला. घटनात्मक प्रश्नांसाठी दिल्लीत घटनापीठ आणि अपिलांसाठी दिल्ली, चेन्नई किंवा हैदराबाद, कोलकाता व मुंबई येथे चार विभागीय पीठे, अशी ती रचना होती. अनुच्छेद १३०नुसार राष्ट्रपतींच्या मान्यतेने सरन्यायाधीश दिल्लीबाहेर न्यायालयाची बैठक ठरवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने मात्र दिल्लीबाहेरील कायम पीठाची कल्पना वेळोवेळी अमान्य केली. एकाच न्यायालयाची अनेक पीठे झाली, तर त्याचा एक आवाज राहणार नाही, ही त्यामागची भीती. राष्ट्रीय अपील न्यायालयाचा प्रश्न २०१६ साली घटनापीठाकडे सोपवण्यात आला.

संस्था नवी उभारण्याआधीही काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. फेटाळण्याच्या आदेशात दोन-तीन वाक्यांची कारणे दिली, तर पक्षकाराला आपले कोठे कमी पडले ते कळेल आणि तीच याचिका वेगळ्या नावाने येणेही थांबेल. सरकारी खात्यांनी याचिका करण्यापूर्वी जबाबदार अधिकाऱ्याने कायद्याचा प्रश्न लेखी नोंदवावा, एवढी शिस्त पाळली तरी रांग छोटी होईल. उच्च न्यायालयांनी प्रमाणपत्र देण्याचा आपला अधिकार अधिक मोकळेपणाने वापरला, तर निवडीचे ओझे वाटले जाईल.

तोवर दिल्लीला निघालेल्या पक्षकाराने आपल्या वकिलाला दोन प्रश्न जरूर विचारावेत. या प्रकरणात आपल्या हाराजितीपलीकडचा, इतरांनाही लागू होणारा कायद्याचा प्रश्न आहे काय? नसेल, तर पाहताक्षणी दिसावा असा गंभीर अन्याय कागदांवरून सिद्ध होतो काय? दोहोंची उत्तरे नकारार्थी असतील, तर दागिने मोडून वा जमीन गहाण टाकून केलेला तो प्रवास बहुधा एका ओळीच्या आदेशापाशी संपतो.

आणि याचाच दुसरा अर्थ असा की, सर्वसामान्य माणसाचे खरे सर्वोच्च न्यायालय दिल्लीत नसून जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. तेथे साक्षीपुरावा नोंदवला जातो, तेथेच तथ्ये ठरतात आणि वर गेल्यावर ती फारशी बदलत नाहीत. वरच्या दाराचा उंबरठा उंच राहणे अपरिहार्य असेल, तर खालच्या न्यायालयांत रिक्त जागा भरणे, चांगले वकील मिळणे आणि पहिले अपील वेळेत ऐकले जाणे, यांवरच बहुसंख्य नागरिकांचा न्याय अवलंबून राहतो.